लाभ, दोन, तीन

हळदीच्या दुकानात बसणाऱ्या माणसाच्या अंगावर हळद आपोआप चढते. सकाळी पांढराशुभ्र शर्ट घालून या, दुपारपर्यंत खिसा पिवळा, मोबाईल पिवळा, चष्म्याची काडी पिवळी. झटकायला जावं तर दोन्ही हात पिवळे! किश्शांचंही तसंच असतं. मी कधी गोळा करायला गेलो नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं बसून राहिलो, ते अंगावर बसत गेले. पण गेल्या वर्षभरात बसलेले किस्से हळदीचे नाहीत. ते दहावीच्या गणितातल्या सांख्यिकीच्या धड्याचे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, "अण्णा, तुम्ही आठवी पास. तुमचा आणि सांख्यिकीचा संबंध काय?"

बरोबर आहे. आठवीनंतर वडिलांनी गादीवर बसवलं, तो मी बसलोच. ‘सांख्यिकी’ हा शब्द नीट उच्चारायलाच मला तीन रविवार लागले. पण ऐका तर खरं.

*

सौदे चालू होते. ओट्यावर राजापुरी हळदीचा ढीग, भोवती पंधरावीस माणसं, आणि खिशात फोन वाजला. अनोळखी नंबर. पोरीचा आवाज.

"सांगलीचे हळदवाले अण्णा का?"

"व्हय. किती पोती?"

"पोती नकोत. मी मुक्ता. वाईहून बोलतेय. सुजाताची मुलगी."

मी ढिगापासून बाजूला झालो.

सुजाता माझी एकुलती एक मुलगी. तिची आई ती सहा वर्षांची असतानाच गेली, त्यामुळं पोर माझ्याबरोबर या दुकानातच वाढली. सोळा वर्षांपूर्वी तिनं वाईच्या एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलगा चांगला होता, पण आमच्यातला नव्हता. मी दारात उभा राहून म्हणालो, "मग ह्या घरात तुला जागा न्हाई." तिनं वाद घातला नाही. दुकानाच्या कापडी पिशवीत दोन साड्या घातल्या आणि गेली. नात झाली हे मला आष्ट्याच्या एका व्यापाऱ्याकडून कळलं, तेही पेढा मागताना.

त्या कापडी पिशवीवर दुकानाचं नाव आणि माझा मोबाईल नंबर छापलेला. मुक्तानं नंबर तिथूनच घेतला होता. या सोळा वर्षांत कंपनीवाले किती आले, याहून भारी नंबर देतो म्हणाले. मी नंबर बदलू दिला नाही. का ते विचारू नका.

"आई एकदा बोलून गेली होती, तुमचं तोंडी गणित लय भारी आहे," पोर पुढं म्हणाली. "माझं दहावीचं वर्ष आहे. सांख्यिकी डोक्यातच शिरत नाही. तुम्हाला मध्यक काढता येतो का?"

मध्यक! मला वाटलं, मध्यस्थासारखं काहीतरी असणार. म्हणजे दलाल! मी छाती पुढं काढून म्हणालो,

"अगं, चाळीस वर्षं मी दुसरं काय करतोय?"

"मग रविवारी दहाला फोन करते. आई तेव्हा बाजाराला जाते. तिला कळायला नको."

फोन बंद झाला आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. रविवारी मध्यक सांगता आला तर सोमवारनंतर पुन्हा एक रविवार येईल. नाही आला, तर ही पोर परत फोन कशाला करील?

*

त्याच आठवड्यात इनामदार बाई वर्षाची हळद घ्यायला आल्या. बाई माधवनगरला राहतात, गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वय सत्तरीचं, पण पाठीचा कणा अजून पट्टीसारखा. मी त्यांना विचारलं, "बाई, मध्यक म्हणजे काय हो?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "शेठ, कुणाला शिकायचंय?"

"मला. रविवारच्या आत."

बाई उलट मलाच विचारायला लागल्या. "शंभर पोती आली. माल कसा आहे ते तुम्ही कसं ठरवता? शंभरच्या शंभर पोती रिकामी करता?"

"छे! वानगी बघतो."

"कशी?"

मी दाखवलं. पोत्याचं तोंड उसवायचं, हात कोपरापर्यंत आत घालायचा. वरचं एक हळकुंड, मधलं एक, तळातलं एक. कारण वर चांगला माल ठेवायची अक्कल सगळ्यांनाच असते! मग कडेच्या पोत्याची, मधल्या पोत्याची, अगदी मागं दडवलेल्याचीसुद्धा. हळकुंड मोडायचं, आवाज ऐकायचा, आतला रंग बघायचा.

बाई हसल्या. "याला पुस्तकात नमुना म्हणतात. तुमचा निम्मा धडा झालाय शेठ. उरलेल्याची फक्त उजळणी करायची."

"पण बाई, मी पहिल्यांदाच शिकतोय. उजळणी कशाची?"

"चाळीस वर्षं करताय ते पहिल्यांदा कसं?"

त्या रविवारी सकाळी नऊला बाई दुकानात आल्या. हळदीच्या थप्पीला काळा फळा टेकवला. मध्यक म्हणजे सगळ्यांना उंचीनं ओळीत उभं केलं तर बरोबर मधला येतो तो, एवढं नऊ चाळीसला मला कळलं. पावणेदहाला वर्गीकृत सारणीचं सूत्र पाठ झालं. दहाला फोन वाजला. मी धडाधड सांगितलं!

"भारी!" मुक्ता म्हणाली. "आई खरंच बोलली होती."

मी विचारलं, "आई आणिक काय बोलती?"

"बहुलक पुढच्या रविवारी," ती म्हणाली आणि फोन ठेवला. व्यापाऱ्याचंच रक्त! एका वेळी एकच पोतं उघडायचं.

*

शेजारच्या गोदामाचे राखणदार बापू. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गाव साताऱ्याकडचं. पहिल्या रविवारी चहाला म्हणून आले आणि दुसऱ्या रविवारपासून पाटी घेऊन. म्हणाले, "म्या बी धाव्वी नापास हाय अण्णा. बगू तरी, कुटं चुकलो हुतो."

बाई बहुलक शिकवत होत्या. जे मूल्य सर्वांत जास्त वेळा येतं ते बहुलक. बापूंनी एकदम मांडीवर थाप मारली.

"आत्ता कळलं! आवं बाई, भरती झालो तवा बूट मागाय गेलो. माजा पाय अकरा नंबरचा. स्टोअरवाला म्हनला, आठ घे. म्या म्हनलं, साब, बसत न्हाई. तर म्हनला, पल्टनीत सगळ्यास्नी आठच बसतोय, तुला का बसत न्हाई?"

"बरोबर," बाई म्हणाल्या. "आठ हा बहुलक."

बापूंनी चप्पल काढली आणि पाय सरळ फळ्यासमोर धरला. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली.

"मग ही बगा बाई, बहुलकानं केल्याली बोटं!"

मी हे फोनवर मुक्ताला सांगितलं. ती हसली. हसता हसता शेवटी श्वास नाकातून आत ओढते, तशी तिची आई हसायची. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"आजोबा? आहात का?"

पहिल्यांदा आजोबा म्हणाली. मी म्हणालो, "हाय की. कुटं जातोय?"

*

गृहीतमध्याची पद्धत ज्या दिवशी झाली तो दिवस मला विसरता येत नाही. मोठमोठे आकडे असले की सरासरी काढायला जड जातं. मग आधी अंदाजानं एक सरासरी धरून चालायचं, आणि प्रत्येक आकडा तिच्यापासून किती लांब आहे ते मांडायचं. त्या लांबीला विचलन म्हणतात. शेवटी विचलनांची सरासरी काढून ती आधीच्या अंदाजात मिळवायची. उत्तर बरोबर!

बापूंना ते पटेना. "म्हंजे आदी चुकायचं आन मग सुदरायचं?"

"तसंच म्हणा," बाई म्हणाल्या.

"फौजेत न्हाई चालत आसलं."

"गणितात चालतं. तुम्ही सुरुवातीला काहीही गृहीत धरा. पाच धरा, पन्नास धरा, उत्तर तेच येतं."

मी सहज बोललो. खरंच सहज. "बाई, एखाद्यानं गृहीत धरलं की पोर पंधरा दिवसांत परत येईल. आणि लागली सोळा वर्षं. मग?"

बाईंनी खडू खाली ठेवला नाही, वळल्याही नाहीत. फळ्याकडं तोंड करूनच म्हणाल्या,

"गृहीत चुकल्यानं काही अडत नाही शेठ. पण मग सगळी विचलनं मांडावी लागतात. वजातली सुद्धा. ती लपवली की दुरुस्ती होत नाही."

बापू पाटीवर वजाबाकीच्या रेघा मारत बसले. चहा आला, तो निवला, कुणी उचलला नाही.

*

एका रविवारी मुक्तानं गणित नाही, प्रकल्प आणला. "घरातल्या एका मोठ्या माणसाच्या दिवसाचा वृत्तालेख काढायचाय. तुमचा काढते."

"घरातल्या म्हनलीस न्हवं तू?"

"हो. सरांनी तसंच सांगितलंय."

"आणि आईनं बघितला तर?"

"वर नुसतं ‘आजोबा’ लिहिते. मला आजोबा दोन आहेत, तिला काय कळतंय!"

वृत्तालेख म्हणजे चोवीस तासांची भाकरी करायची आणि कामाप्रमाणे तुकडे पाडायचे. एका तासाला पंधरा अंश. झोप सात तास, एकशेपाच अंश. दुकान नऊ तास, एकशेपस्तीस. जेवणखाण, अंघोळ, मंदिर मिळून तीन तास, पंचेचाळीस.

पलीकडून पेन्सिलीचा आवाज येत होता. मग थांबला.

"आजोबा, पंच्याहत्तर अंश उरलेत. पाच तास. तेव्हा काय करता?"

"बसतो."

"नुसते? पाच तास?"

"व्हय. नुसता बसतो."

"मग या भागाला नाव काय देऊ?"

तिनं तिच्या मनानंच दिलं. दुसऱ्या रविवारी सांगितलं, सरांना प्रकल्प आवडला, फक्त एक शेरा मारला आहे: ‘बसणे म्हणजे काय ते स्पष्ट करा.’

*

आता माझ्या चुकीचा किस्सा. आमच्या पेठेत पोती मोजताना पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणत नाहीत. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. बाप म्हणायचा, आजा म्हणायचा, हमाल अजून म्हणतात. सुजाता सहा वर्षांची असताना थप्पीवर बसून हमालांबरोबर मोजायची. शाळेतल्या बाईंनी "एक ते दहा म्हण" म्हटल्यावर तिनं खणखणीत आवाजात "लाभ, दोन, तीन" म्हटलं होतं. मला बोलावणं आलं होतं शाळेतून!

तर वारंवारता सारणीची उजळणी चालली होती. एकेका संख्येसाठी एकेक उभी रेघ, पाचवी आली की चारांवर आडवी मारून जुडी बांधायची. मी फोनवर म्हणालो, "माझ्याबरोबर मोज." आणि सवयीनं सुरू झालो, "लाभ, दोन, तीन..."

मुक्ताला ते फार आवडलं. "एक म्हणायचंच नाही?"

"कशाला म्हणायचं? पहिलं पोतं दारात आलं, त्यापरीस मोठा लाभ कुठला?"

दोन आठवड्यांनी तिचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह! "आजोबा, माझा अर्धा मार्क गेला! चाचणीत सारणी काढली, एका वर्गाची वारंवारता एक होती. मी घाईत तिथं ‘लाभ’ लिहिलं! सरांनी तांबड्या पेनानं गोल केला, ‘हा कोणता अंक?’ सगळा वर्ग हसला. आता वहीवर आईची सही आणायला सांगितलीय."

मला हसू फुटलं होतं, ते तिथंच विरलं.

"आईनं वही बघितली?"

"नाही अजून. आज देणार."

मी तिला ‘देऊ नको’ म्हणणार होतो. पण म्हणालो नाही. सुजातानं तो शब्द बघितला की तिला काय काय दिसेल, ते मला फोन ठेवल्यावर दिसायला लागलं.

*

पुढच्या रविवारी दहा वाजले. सव्वादहा झाले. फोन वाजला तो सेलूच्या व्यापाऱ्याचा. बापूंनी त्याला माझ्या हातातून फोन घेऊन सांगितलं, "लाइन मोकळी ठेवा, अर्जंट हाय!"

त्याच्या पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी मी बाईंना म्हणालो, "आता कशाला येताय? ज्यासाठी शिकत होतो ते संपलं."

"आयतालेख राहिलाय," बाई म्हणाल्या. "धडा अर्धा सोडायची मला सवय नाही."

त्यांनी सारणी दिली आणि बापूंना फळ्यापाशी बोलावलं. आयतालेखात स्तंभ एकमेकांना चिकटून काढायचे असतात. बापूंनी पट्टी लावून झकास काढले, सगळे दाटीवाटीनं, एका रांगेत.

"बापू, तीस ते चाळीस हा वर्ग कुठं गेला?"

"त्यात कोनच न्हाई बाई. शून्य हाय. मग म्या पुढचा जवान आलीकडं सरकावला. परेडला कोन गैरहजर आसला की आमी तसंच करतो."

"इथं सरकवायचं नाही," बाई म्हणाल्या. "वर्गात कुणी नसलं तरी त्याची जागा मोकळी सोडायची. सरकवून झाकलंत की आलेख खोटा होतो."

बापूंनी माझ्याकडं बघितलं. मग डस्टर घेऊन सगळं पुसलं आणि पहिल्यापासून काढायला लागले. मी शर्टावरची हळद झटकायला म्हणून बाहेर गेलो. बराच वेळ झटकत होतो.

*

मुक्ताचा गणिताचा पेपर सोमवारी होता. आदल्या दिवशी, रविवारी, बाई आल्या, बापू आले. उजळणी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. फोन आम्ही तिघांच्या मधे स्टुलावर ठेवला होता. दहा वाजले. बाई पुस्तकाची पानं उलटत होत्या, वाचत नव्हत्या.

दहा वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. वाईचा नंबर. हात हळदीचे होते, गडबडीत बोट भलतीकडं लागलं आणि स्पीकर चालू झाला.

"हॅलो, मुक्ता?"

मागं कुठंतरी कुकरची शिट्टी झाली. मग आवाज आला. मुक्ताचा नव्हता.

"मुक्ताचा उद्या पेपर आहे. तिचा एक प्रश्न राहिलाय."

मी बसलेला होतो, तो कधी उठलो मला माहीत नाही.

"विचार."

"आयतालेख काढताना... एखाद्या वर्गात काहीच नसलं. शून्य असलं. तर तो वर्ग काढून टाकायचा का?"

"न्हाई," मी म्हणालो. "जागा ठेवायची. मोकळी."

"केवढी?"

"बाकीच्यांची जेवढी, तेवढीच. जराबी कमी न्हाई."

"आणि असे पुष्कळ वर्ग असले, ओळीनं?"

"तर पुष्कळ जागा ठेवायच्या. मोजून."

बापूंनी हळूच स्टुलाजवळ सरकून बघितलं, फोन चालू होता. मग तिनं मोजायला सुरुवात केली. सावकाश, पोत्यांच्या थप्पीवर पाय हलवत बसून मोजायची तसं.

"लाभ," ती म्हणाली. "दोन. तीन. चार..."

बापूंनी पाटी ओढली आणि तिच्या आवाजाबरोबर रेघा मारायला लागले. पाचव्याला आडवी. दहाव्याला आडवी. पंधराव्याला आडवी. तीन जुड्या झाल्या, आणि शेजारी एक उभी रेघ.

"सोळा," म्हणून ती थांबली. बापूंचा खडू पाटीच्या वर तसाच राहिला.

"अण्णा."

"काय गं?"

"पिशवी पार विरलीय. नवी छापलीय का?"